समुद्राकाठच्या घराची बाजूची पट्टी: खाऱ्या वाऱ्यात टिकणारी बाग कशी आखावी

कोकणात समुद्राजवळ घर घेतलेली किंवा आजोळचं बंद घर उघडून राहायला आलेली माणसं बहुधा आधी पुढचं अंगण सजवतात, मग मागच्या आगराकडे, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेकडे वळतात. घराची भिंत आणि गडगा (दगडी कुंपण) यांच्यामधली चिंचोळी पट्टी मात्र कौलांची चळत, गंजलेला पाइप आणि फुटक्या बादल्यांना आंदण दिलेली असते. माझं म्हणणं असं की नव्याने बाग करणाऱ्याने सुरुवात या पट्टीपासूनच करावी. जागा लहान, खर्च आटोक्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून चोवीस तास नजरेसमोर. शिवाय किनाऱ्यावर बाग करताना जे जे शिकावं लागतं ते सगळं, म्हणजे वारा, मीठ, पागोळ्या, रेताड जमीन, या आठेक फूट रुंद पट्टीत शिकायला मिळतं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. इथली बाग फुलांपासून आखायची नसते, वाऱ्यापासून आखायची असते. पांढरे गोटे, लाकडाचा ओंडका आणि दोन निवडुंग मांडले की फोटोत समुद्रकिनारा दिसतो. पण मार्चपासून मेपर्यंत रोज दुपारी सुटणाऱ्या वाऱ्याचं आणि जुलैतल्या झडीचं काय करायचं हे ठरलं नसेल, तर त्यातलं फारसं काही दुसऱ्या वर्षी उरत नाही.

आधी नुसतं बघा

गुहागर किंवा अलिबागजवळचं नागाव डोळ्यासमोर आणा. रस्ता समुद्राला समांतर, घरं रस्त्याला लागून, आणि प्रत्येकाची वाडी लांबट पट्टीसारखी समुद्राकडे गेलेली. अशा घराची बाजूची जागा पूर्व-पश्चिम धावते आणि पश्चिमेचं टोक समुद्राकडे उघडं असतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गडगा, त्यामुळे वारा मधल्या फटीत कोंडून जास्त जोराने वाहतो. दुपारी चारला पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये एकेक काठी रोवून तिला कापडाची चिंधी बांधा. चिंधी कुठे सरळ आडवी होते आणि कुठे नुसती हलते, ते कागदावर लिहून ठेवा. ही नोंद पुढे फार कामाला येते.

वारा वर्षभर एकाच दिशेने येत नाही. थंडीत सकाळी जमिनीकडून मतलई असते. उन्हाळ्यात दुपारचा वारा पश्चिम-वायव्येकडून येतो आणि तोच पानांवर मीठ आणून टाकतो, कारण ते धुऊन काढायला पाऊस नसतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जास्त जोरकस, पण पाऊस पानं धूत राहतो. तेव्हा मिठापेक्षा फांद्या मोडण्याची भीती अधिक.

मीठ किती येतं ते ओळखायला यंत्र लागत नाही. एप्रिलमध्ये पट्टीतल्या किंवा शेजारच्या जास्वंदीपाशी जा. पानाची समुद्राकडची कड तपकिरी, कुरकुरीत झालेली असेल आणि घराकडची कड हिरवी असेल तर तो पाण्याचा ताण नव्हे, मीठच. पाणी कमी पडलं की पान सगळीकडून मलूल होतं. मिठाचं पान एका बाजूने करपतं. वाऱ्याने पानं एकमेकांवर घासली की बारीक ओरखडे पडतात आणि त्यातून मीठ आत शिरतं. पानावरून बोट फिरवून जिभेला लावा, खारटपणा लगेच कळेल.

उन्हाचाही हिशोब वेगळा आहे. घराच्या दक्षिणेकडच्या पट्टीला हिवाळाभर भरपूर ऊन असतं. उत्तरेकडच्या पट्टीत हिवाळ्यात ऊन उतरतच नाही, पण साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळे मेच्या शेवटी तिथे अचानक कडक ऊन पडतं. सावलीतली म्हणून लावलेली अबोली किंवा नेचे तेव्हा भाजतात. उत्तरेची पट्टी असेल तर तेवढ्या दिवसांपुरती झापं (विणलेल्या झावळ्या) किंवा शेडनेट टांगायची सोय आधीच करून ठेवा.

मोजमाप आणि आखणी

टेप घेऊन रुंदी तीन ठिकाणी मोजा, गडगा क्वचितच सरळ असतो. सेप्टिक टाकीचं झाकण, न्हाणीच्या पाण्याची वाट, विजेचा मीटर, पंपाचा पाइप हे सगळं कागदावर दाखवा आणि त्यांच्यावर काहीही लावू नका.

कौलारू घराची वळचण तीन फूट बाहेर आलेली असेल आणि पट्टी आठ फुटांची असेल तर माझी आवडती आखणी अशी: भिंतीलगत तीन फूट पायवाट, म्हणजे ती वळचणीखाली येते आणि पावसातही कोरड्या पायाने मागे जाता येतं, त्यापुढे एक फूट पागोळ्यांची चर, आणि उरलेले चार फूट गडग्यापर्यंत झाडं. झाडं भिंतीपासून लांब राहिली की भिंतीला ओल धरत नाही आणि वाळवी चढली तर दिसते. स्लॅबचं घर असेल आणि छज्जा नसेल तर भिंतीलगत दोन फूट खडी, मध्ये तीन फूट वाट, मग झाडं. काहीही झालं तरी वाट तीन फुटांपेक्षा अरुंद करू नका. त्या वाटेने नारळ काढणारा पेंड घेऊन जाणार, गवंडी घमेलं घेऊन जाणार.

पाण्याची वाट

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. छपराची एक उतरती बाजू ५० चौरस मीटर धरली आणि दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५००० लिटर पाणी एकट्या या पट्टीत कोसळतं. पन्हळ नसेल तर पागोळ्या जमिनीत ओळीने खळगे पाडतात आणि लाल चिखलाचे शिंतोडे भिंतीवर फूटभर उडतात.

म्हणून पागोळी जिथे पडते तिथे नेमकी, एक फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणा. जागा शोधायला मोजणी नको, गेल्या पावसातले खळगे दिसतातच. चरीचा तळ घरापासून लांब आणि रस्त्याच्या किंवा आगराच्या दिशेने उतरता ठेवा. दर मीटरला एक सेंटिमीटर उतार पुरतो. आत काळ्या दगडाची जाड खडी भरा. जांभ्याचे तुकडे भरायचा मोह टाळा, ते झिजून माती होतात आणि चर बुजते. चरीच्या झाडांकडच्या काठाला अळू लावलं की पावसाळाभर भाजी मिळते आणि शिंतोडे पानांवर अडतात. पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत सोडू नका. कोकणात भावकीतली निम्मी भांडणं पाण्यावरूनच सुरू होतात.

समुद्राकडचं टोक: वारा अडवू नका, चाळा

या सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग. नवखा माणूस वारा अडवायला सहा फुटांची भरीव भिंत बांधतो. वारा भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा होऊन खाली आदळतो, त्यामुळे भिंतीच्या आडोशाची झाडं उलट जास्त पिळवटतात. हवी असते ती चाळणी: निम्मा वारा अडवणारी, निम्मा जाऊ देणारी. अशा वईच्या, म्हणजे झाडांच्या कुंपणाच्या मागे तिच्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. सहा फुटांची वई म्हणजे साठेक फूट, बहुतेक घरांची अख्खी पट्टी त्यात येते. वई पुरेशी विरळ आहे का ते बघायला दुपारी तिच्या सावलीत उभे राहा. उजेडाचे कवडसे सावलीइतकेच दिसले पाहिजेत.

वईसाठी निर्गुडी माझी पहिली निवड. फांदी लावली की जगते, छाटणी सोसते, गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. तिच्या सोबतीला मेंदी आणि अडुळसा. दोन ओळी करा, दोन झाडांत दीड फूट, आणि मागची ओळ पुढच्या ओळीच्या फटींसमोर येईल अशी नागमोडी. लांबीला जागा असेल तर समुद्राच्या अंगाला एखादं भेंडाचं झाड किंवा उंडी लावा; दोन्ही किनाऱ्याचीच झाडं, खाऱ्या वाऱ्याला सरावलेली. उंडी मात्र सावकाश वाढते आणि मोठी होते, ती आठ फुटांत नको. केवडाही चिंचोळ्या जागेत लावू नये. त्याच्या पानांच्या काटेरी कडा वाटेवरच्या माणसाला ओरबाडतात. कण्हेर मीठ आणि वारा दोन्ही सोसते, पण तिचा सगळा भाग विषारी आहे. घरात लहान मूल किंवा दावणीला गुरं असतील तर ती लावू नका.

वई अंगात यायला दोन पावसाळे लागतात. तोपर्यंत बांबूच्या चौकटीला विणलेल्या झावळ्यांची झापं सैलसर बांधा, काथ्याने. लोखंडी तार वापरली तर खाऱ्या हवेत ती लवकर गंजते आणि तुटते. हीच गोष्ट बिजागऱ्या, हुक, खिळे यांची. पितळ किंवा चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या, नाहीतर सरळ लाकूड आणि दोर.

रोपं कुठली घ्यावी याचा सोपा उपाय म्हणजे समुद्राच्या बाजूने गावातून एक फेरी मारावी. सगळ्यात पुढच्या घराच्या कुंपणात जे झाड तेजीत दिसेल त्याच्या फांद्या मागून आणाव्यात. लांबच्या नर्सरीतलं, शेडनेटमध्ये गोड्या पाण्यावर वाढलेलं रोप आणलंच तर थेट जमिनीत लावू नका. दोन आठवडे पट्टीच्या आडोशाच्या टोकाला ठेवून हळूहळू उघड्यावर सरकवा.

जमीन तयार करणं

तुमच्या पायाखाली काय आहे त्यावर पुढचं ठरतं. किनाऱ्यालगत बहुधा पुळणीची रेती असते: पाणी पडतं न पडतं तोच खाली जातं, आणि शिंपल्यांचा चुरा असल्याने ती अल्कधर्मी असते. थोडं वर, कातळाच्या अंगाला जांभ्याची लाल माती लागते, ती आम्लधर्मी. याचा थेट परिणाम झाडांवर होतो. अनंताला आम्लधर्मी माती लागते. तो जांभ्यात टवटवीत वाढतो, पण शिंपल्यांच्या रेतीत त्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण जमिनीतलं लोह त्याला घेता येत नाही. तिथे अनंत मोठ्या कुंडीत लाल माती घालून ठेवावा. शंका असेल तर मातीचा नमुना तपासून घ्या, दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयातही चौकशी करता येते.

रेतीत झाड लावायचा जुना उपाय नारळाच्या सोडणांचा (वरच्या सालींचा), आणि त्याहून चांगला मला माहीत नाही. दीड-दोन फूट खोल खड्डा खणा. तळाशी सोडणांचे दोन थर घाला, पोकळ बाजू वर करून, म्हणजे प्रत्येक सोडण पाणी धरून ठेवतं. वर कुजलेलं शेणखत, पालापाचोळा आणि थोडी लाल माती रेतीत मिसळून भरा. सोडणं ताजी नकोत; एका पावसाळ्यात भिजून काळी पडलेली घ्या. मासळीचं खत उत्तम असतं पण घराच्या भिंतीलगत त्याच्या वासाने कुत्री येऊन खड्डे उकरतात. ते मागच्या आगरातल्या माडांना घाला.

कातळ लागला तर खणायच्या भानगडीत पडू नका. चिऱ्यांचे दोन थर रचून वाफा वर उचला, तळाशी पाणी जायला फटी ठेवा.

आणि पुळणीवरून रेती भरून आणू नका. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी किनाऱ्यावरची रेती काढायला बंदी आहे. नियम नसता तरी ती आणू नये, कारण तिच्यात मीठ असतं आणि ती तिथे असते म्हणून तर लाट वाडीपर्यंत पोचत नाही. रेतीवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल तीच रेती धरून ठेवते. तिचे वेल बागेसाठी उपटणंही तितकंच वाईट.

काय कुठे लावायचं

चिंध्यांची नोंद आता काढा. समुद्राकडच्या टोकाला, वईच्या लगेच मागे, जिथे चिंधी आडवी होत होती, तिथे बुटकी आणि कणखर झाडं: सदाफुली, कोरफड, वाळा, गवती चहा, स्पायडर लिली. वाळ्याची मुळं खोल जातात आणि रेती धरून ठेवतात. एखादा पांढरा चाफा इथे छान दिसतो. त्याची हातभर फांदी तोडून, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवून मग लावा. ओल्या जखमेची फांदी कुजते. बोगनवेल खारा वारा मजेत सोसते, पण अरुंद वाटेशेजारी तिचे काटे कपडे फाडतात.

मधल्या भागात कोरांटी, तगर, जास्वंद, ओवा, हळद. इथेच गडग्यालगत सुपारीची तीन-चार झाडं लावता येतात. खोड सडपातळ असल्याने जागा खात नाही; दोन झाडांत २.७ मीटर अंतर ठेवा. सुपारीच्या कोवळ्या खोडाला नैर्ऋत्येकडचं दुपारचं ऊन लागलं तर खोड भाजून पुढे चिरतं, म्हणून त्या बाजूला घराची किंवा केळीची सावली हवी. सुपारी वाढली की तिच्यावर मिरवेल सोडा. माड मात्र या पट्टीत लावू नका. त्याला चहूबाजूंनी साडेसात मीटर लागतात, आणि घराच्या कौलांवर झावळी किंवा नारळ पडणं म्हणजे रोजची धास्ती.

रस्त्याकडच्या आडोशाच्या टोकाला, जिथे चिंधी नुसती हलत होती, तिथे नाजूक आणि सुवासिक झाडं येऊ द्या: सोनटक्का, अनंत, अबोली, मोगरा. सोनटक्क्याला ओल हवी, म्हणून तो चरीच्या काठाला बसवा. गणपतीच्या सुमाराला भरभरून फुलतो. पावसाळ्यात तेरडा आपोआप उगवतो, तो उपटून टाकू नका. गौर आणायला लागतो.

झाडांची गर्दी करू नका. चार फुटांच्या वाफ्यात उंच, मध्यम, बुटकी अशी तीन उंचींची झाडं पुरे, आणि वाटेकडची एक फूट जागा कायम मोकळी. हे केवळ दिसण्यासाठी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप असतो, ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि पाचोळ्यात ओळखू येत नाही. वाटेच्या कडेला पाचोळ्याचे ढीग, रचून ठेवलेले चिरे, लाकडं ठेवू नका. संध्याकाळनंतर त्या बाजूला जाताना बॅटरी हातात हवीच. वाटेवर एक दिवा लावा, तोही प्लास्टिकच्या आवरणाचा.

वाट

जांभ्याचे चिरे सपाट बाजू वर करून, मध्ये बोटभर फट ठेवून बसवा आणि फटीत बारीक खडी भरा. सिमेंटने फटी बुजवल्या तर पाणी मुरत नाही. जांभ्याला पावसात शेवाळ चढतं आणि पाय घसरतो. गणपतीआधी एकदा आणि मध्ये गरजेप्रमाणे खराट्याने आणि ब्लीचिंग पावडरने घासून काढावं लागतं. म्हाताऱ्या माणसांची ये-जा असेल तर वाटेचा पृष्ठभाग छिन्नीने खरबरीत करून घ्या. पांढरे गोटे मी टाळते. दुपारी डोळे दिपतात, तापतात, आणि पाचोळा त्यातून वेचत बसावं लागतं.

लागवडीची वेळ आणि पाणी

वई पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनच्या मध्यापासून लावा. नाजूक झाडांना मात्र जुलैचा वारा दाखवू नका; ती गणपती झाल्यावर, वारा पडला की लावा. जमीन ओली असते आणि थंडीपर्यंत मुळं धरतात. ऑक्टोबरच्या उन्हात त्यांना एक दिवसाआड पाणी लागेल.

विहिरीचं पाणी मार्चपासून चाखत राहा. किनाऱ्याजवळ गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंपाने भसाभसा उपसलं की खालचं खारं वर येतं. थोडं थोडं, अंतर ठेवून उपसा. तपासणीत पाण्याची विद्युतवाहकता (खारटपणाचं माप) ०.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली असेल तर काळजी नाही. ३ च्या वर गेली तर ते पाणी बहुतेक झाडांना घालूच नये. अधल्यामधल्या पाण्यावर कणखर झाडं निभावतात, अनंत आणि सोनटक्का निभावत नाहीत. गोडं पाणी थोडं असेल तर ते त्यांच्यासाठी राखा आणि मुळाशी मातीचं मडकं पुरून त्यात भरा. पाणी झिरपत राहतं. न्हाणीचं पाणी केळ आणि अळवाला चालतं, पण कपडे धुतलेलं साबणाचं पाणी नको.

फेब्रुवारी ते मे या काळात आठवड्यातून एकदा सकाळी लवकर झाडांची पानं गोड्या पाण्याने धुवा. झारीभर पाण्यात मधल्या भागातली सगळी झुडपं उरकतात, आणि करपणं डोळ्यांदेखत कमी होतं.

वादळाची तयारी

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळी-पोफळी आडव्या करून गेलं, आणि पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याकाठाने वर सरकलं. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात पट्टीची छाटणी उरकून घ्यावी. वईचा शेंडा तिसरा हिस्सा कमी करा, सुपारीची सुकलेली पानं उतरवा, टांगलेल्या कुंड्या खाली घ्या, सैल झापं काढून ठेवा, चरीतला पाचोळा उपसा.

वादळ येऊन गेल्यावर बाग काळवंडलेली दिसते आणि हात कोयतीकडे जातो. आधी सगळ्या झाडांची पानं आणि मुळांची जागा गोड्या पाण्याने भरपूर धुवा, म्हणजे साचलेलं मीठ खाली उतरेल. मोडलेल्या फांद्या तेवढ्या काढा. करपलेल्या पण शाबूत फांद्यांना तीन आठवडे हात लावू नका. मग नखाने साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं असेल तर फांदी राहू द्या. तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत मागे छाटत या, आणि मुळाशी घमेलंभर कुजलेलं शेणखत घाला.